चादर कोरडी, पेला रिकामा

मी एक जुना तोटीचा पेला आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, काठाला निळी रेघ, पोटाला एक बारीक तडा. अंथरुणावर आडव्या पडलेल्या माणसाला पाणी पाजायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, तुम्ही याआधी जुन्या छत्रीची, मोडक्या खुर्चीची, फाटक्या पुस्तकाची कहाणी वाचली असेल. ती बिचारी शेवटी एक उसासा टाकतात आणि गप्प बसतात. मी उसासा टाकणार नाही. मला राग आला आहे. भट्टीतून निघालो तेव्हा जेवढा तापलो होतो, त्याहून जास्त आज तापलो आहे, आणि का तापलो ते ऐकल्याशिवाय तुम्हाला उठू देणार नाही.

मी मुळात चिखल. हे सांगायला मला लाज वाटत नाही. तुम्हीही शेवटी त्याच घराण्यातले, असं जाणती माणसं म्हणतात. कारखान्यात मला साच्यात ओतलं, वाळवलं, एका बाजूला कान चिकटवला आणि दुसऱ्या बाजूला तोटी. तोटी जोडणारी बाई मोठी फटकळ होती. भाजून, झिलई चढवून आम्ही तिच्यासमोर आलो, तेव्हा ती एकेका पेल्यात पाणी भरून तोटीतून आपल्या तळहातावर धार सोडून बघू लागली. माझ्या शेजारचा पेला भसकन ओतायचा. तिनं त्याला उचलून बाजूला टाकला.

"हा रोग्याला पाजायचा नाही, बुडवायचा," ती म्हणाली.

मग माझी पाळी आली. माझी धार बारीक आणि सरळ पडली. "हा शहाणा आहे. घोटाघोटानं देईल," असं म्हणून तिनं माझ्या पोटावर टिचकी मारली. ती मला मिळालेली पहिली शाबासकी. तेव्हाच मला कळलं की आपल्याला कान आहे, तोंड आहे, फक्त जीभ नाही. देवानं मला ऐकायला आणि द्यायला ठेवलं, बोलायला नाही. पुढं एक दिवस असा येणार होता की या एका गोष्टीसाठी मी देवाशीही भांडलो असतो.

औषधांच्या दुकानात, बँडेजांच्या गठ्ठ्याशेजारी आणि गरम पाण्याच्या पिशव्यांच्या खाली, मी वाट बघत बसलो. एके दिवशी गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक तरुण बाई आली. ती शिवणकाम करायची. हातातलं काम तसंच टाकून आली होती. तिनं मला उचललं, आत डोकावून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "या तोटीत ब्रश जातो का? आतून धुता येते का?"

"अहो बाई, इतकं कुणी विचारत नाही," दुकानदार म्हणाला.

"तुमच्या आईच्या तोंडाला लावायचा असता, तर तुम्ही विचारलं असतं."

दुकानदार मला कागदात गुंडाळू लागला. ही बाई पुढं गल्लीभर 'काकू' म्हणून ओळखली जाणार होती. मी तिला तेव्हापासूनच काकू म्हणतो. 

काकूनं मला तिच्या सासूबाईंसाठी आणलं होतं. सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. पाय गेले होते, हात थरथरत होते, पण जीभ मात्र धार लावून ठेवल्यासारखी. काकू उजवा हात त्यांच्या मानेखाली घालायची, डोकं थोडं उचलायची, माझी तोटी ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायची. एक घोट. मग थांबायची. गळ्याची हालचाल झाली की पुढचा घोट. हनुवटीवर ओघळ आला की पदरानं टिपायची. यात काही मोठी विद्या नव्हती. होतं ते एवढंच की पाजताना ती सासूबाईंच्या तोंडाकडे बघायची. घड्याळाकडे बघायची नाही.

"किती पाजशील? मी काय उंट आहे?" सासूबाई कुरकुरायच्या.

"उंट परवडला असता, आई. तो एकदा पितो आणि मग आठवडाभर बोलत नाही."

मग दोघी हसायच्या आणि हसता हसता पाणी सांडायचं. एकदा असंच झालं, आणि काकूची धाकटी नणंद, म्हणजे सासूबाईंची लेक, दारात उभी होती. ती ओरडली, "वहिनी, चादर भिजली!"

"भिजू दे. चादर वाळवता येते," काकू म्हणाली. "माणूस वाळला की काय करायचं?"

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. नणंदेनंही ते लक्षात ठेवलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्या घराचा एक नियम होता. पेल्यात तळाला उरलेलं शिळं पाणी सासूबाईंना द्यायचं नाही. पण फेकायचंही नाही. खिडकीत रुंद पानांचं एक झाड कुंडीत होतं, त्याला ते घालायचं. घोटभर पाणी असायचं ते. सासूबाई म्हणायच्या, "देव तहानेचं रूप घेऊन घरात येतो आणि बघतो, कोण उठतं. माणूस तहानेला असेल तर माणसाला द्यायचं, उरलं तर झाडाला. पण उठायचं." त्या गेल्या तेव्हा त्यांच्या ओठांवर शेवटचं पाणी माझ्याच तोटीतलं होतं. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

पुढची बरीच वर्षं मी स्वयंपाकघराच्या फळीवर काढली. धार बारीक म्हणून काकू मला झाडाला पाणी घालायला घ्यायची. एकदा मोरीत निसटलो, पोटाला तडा गेला, पण गळलो नाही. "टाकून दे तो," असं काकूचा मुलगा म्हणाला, तर ती म्हणाली, "असू दे. घरातलं माणूस आहे." काकूचे यजमान गेले. मुलगा मोठा झाला आणि लिफ्ट तपासण्याच्या कामाला लागला. त्यानं लग्न केलं नाही; घरात मायलेकरं दोघंच. लोक सांगायचे, त्याचा कान फार तयार आहे, लिफ्ट दोन मजले वरून जाताना नुसती कुरकुरली तरी कुठला भाग झिजला हे तो सांगतो. काकूला त्याचा अभिमान होता. मलाही होता, तेव्हा.

मग काकू न्हाणीघरात पाय घसरून पडली. कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा नीट उभी राहिली नाही. हातांना आधीपासून कंप होता, तो वाढला. मला उचलणं तिला जमेना. मुलगा सकाळी कामावर जायचा, तो संध्याकाळी यायचा. त्यानं घरपोच शुश्रूषा देणाऱ्या एका संस्थेकडून दिवसभरासाठी सेविका ठेवली. आकाशी रंगाचा डगला घातलेली, भराभरा चालणारी बाई. मुलगा तिला 'ताई' म्हणायचा. मला फळीवरून काढून, घासून, काकूच्या उशाच्या मेजावर ठेवलं गेलं. ज्या हातांत राहून मी दुसऱ्याला पाजलं, त्याच हातांच्या मालकिणीला आता मी पाजणार होतो. मी मनात म्हटलं, देवा, तुझा हिशेब बरोबर असतो.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. काकूनं पहिल्याच दिवशी ताईला सांगितलं, "उरलेलं पाणी मोरीत ओतू नकोस हं. त्या झाडाला घाल. आमच्याकडे तशी पद्धत आहे." ताईनं मान डोलावली. बिचाऱ्या काकूला काय माहीत, आपण आपल्याच हातानं काय दाखवून दिलं ते!

संस्थेच्या मॅडम अधूनमधून तपासायला यायच्या. त्या खोलीत येऊन नाकानं वास घ्यायच्या, मग काकूच्या अंगाखाली हात सरकवून चादर चाचपायच्या. काकू त्यांच्याकडे बघून हसायची, "बसा ना" म्हणायची. त्या काकूकडे बघायच्या नाहीत. एकदा चादर ओली लागली. डायपर बदलायला उशीर झाला होता, कारण काकूला एकटीनं कुशीवर वळवणं सोपं नव्हतं आणि ताईची पाठ भरून आली होती. मॅडमनी हे विचारलंच नाही. त्यांनी ताईला दारात नेऊन झापलं: "आपल्याकडे चादर कोरडी म्हणजे सेवा चांगली. ओली चादर मला पुन्हा दिसली, तर उद्यापासून येऊ नकोस."

त्या दिवसापासून ताईनं सोपा मार्ग काढला. आत पाणी कमी गेलं की बाहेर कमी येतं.

मित्रांनो, हे वाक्य मी शांतपणे सांगितलं खरं, पण माझा तडा इथं सणकला. पुन्हा ऐका. आत पाणी कमी गेलं की बाहेर कमी येतं, चादर कोरडी राहते, मॅडम खूश होतात. एक जिवंत माणूस नळ असल्यासारखा वरूनच बंद करून टाकला!

सकाळी मुलगा निघण्याआधी ताई मला काठोकाठ भरायची, त्याच्या डोळ्यांदेखत. त्याची पाठ फिरली की मी मेजावर तसाच. काकू माझ्याकडे बघायची. मी तिच्याकडे बघायचो. मध्ये एक हात अंतर होतं, आणि तिचा हात थरथरत अर्ध्यावर येऊन चादरीवर पडायचा.

"अगं, थोडं पाणी दे ना."

"आत्ताच दिलं की, काकू. विसरलात?"

"कधी दिलंस?"

"बघा! हल्ली तुमच्या काही लक्षातच राहत नाही."

गोळ्यांच्या वेळी तेवढे दोन घोट मिळायचे. जेवणाबरोबर एखादा. आणि संध्याकाळी, मुलगा येण्याच्या सुमारास, ताई मला उचलायची, खिडकीशी न्यायची आणि सगळं पाणी कुंडीत ओतायची. मुलगा दारातून विचारायचा, "ताई, आई कशी आहे? सगळं ठीक ना?" त्यानं चप्पलसुद्धा काढलेली नसायची. ताई मला उलटा करून दाखवायची. "सगळं ठीक, दादा. चादर कोरडी, पेला रिकामा."

हे रोजचं ध्रुवपद झालं. चादर कोरडी, पेला रिकामा. मॅडम आल्या की तेच, मुलगा आला की तेच. पेला रिकामा म्हणजे आई पोटभर प्यायली, असं धरून तोही रात्री मला पुन्हा भरायचा नाही. मॅडम तर एकदा झाडाकडे बघून म्हणाल्या, "वा! घरात किती टवटवी आहे!" खरंच होती. झाडाला हातभर नवी पानं फुटली होती. अन् त्याच खोलीत, त्याच खिडकीच्या उजेडात, काकूचे ओठ सालपटं निघालेल्या भिंतीसारखे झाले होते.

तुम्ही विचाराल, काकूनं मुलाला सांगितलं का नाही? सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा. पण तो आईबद्दल विचारायचा ते ताईला. आई शेजारी पडलेली असताना! जणू ती दुरुस्तीला सोडलेलं यंत्र आणि ताई तिची कारागीर. काकू म्हणाली, "मला तहान लागते रे," तर त्यानं वळून ताईकडे पाहिलं. ताई हसून म्हणाली, "दिवसभर पितात, दादा, आणि विसरतात." मग काकूनं बोलणं कमी केलं. स्वतःसाठी मागायला ती मुळात भिडस्त. शिवाय दिवसभर ज्या हातांत पडून राहायचं, त्या हातांची तक्रार किती करणार? मुलगा संध्याकाळी येऊन ऐकेल, पण सकाळी परत जाईल ना!

पुढं पुढं तिचं बोलणं खरंच भरकटायला लागलं. दुपारीच "दिवे लावा" म्हणायची. मुलाला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारायची. आणि मध्येच डोळे उघडून, अगदी स्पष्ट म्हणायची, "झाड माझं पाणी पितं."

मुलगा डोक्याला हात लावून बसायचा. त्यानं मित्राला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. "आईचं डोकं गेलंय रे. झाड पाणी पितं म्हणते. घरात ठेवणं आता जमणार नाही. अशा लोकांसाठी एक जागा आहे, कुलूपबंद वॉर्ड असतो, पळून जात नाहीत. पुढच्या आठवड्यात नेतो."

पळून! ती बाई कुशीवर वळू शकत नव्हती.

त्या घरात खरं बोलणारी ती एकटी होती आणि वेडी ती एकटीच ठरली होती. यंत्राची कुरकुर दोन मजल्यांवरून ऐकणाऱ्या त्या पोराला आईचं सरळ वाक्य हातभरावरून ऐकू आलं नाही. मी कानात प्राण आणून ऐकत होतो. जीभ असती तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. देवा, दगडाला पाझर फुटतो म्हणतात, मला नुसता शब्द फुटू दे, एवढंच मी मागत होतो.

शब्द फुटला नाही. आत्या आली.

आत्या म्हणजे काकूची तीच धाकटी नणंद. आता तिचेही केस पांढरे झाले होते. वहिनीला हलवणार असं कळल्यावर, नेण्याआधी भेटून घ्यावं म्हणून ती सुटीच्या दिवशी सकाळीच आली. ताईही हजर होती, मुलगाही. आत्यानं पिशवी खाली ठेवली, काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा स्वतःचाच चेहरा उतरला. तिनं काकूच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"बाकी सगळं नंतर. आधी पाणी," असं म्हणत तिनं मला उचललं. आतलं पाणी ओतून तिनं मला विसळलं, ताजं पाणी भरलं. मग उजवा हात वहिनीच्या मानेखाली घातला, डोकं थोडं उचललं आणि माझी तोटी ओठांच्या कोपऱ्याशी टेकवली. अगदी तसंच. किती वर्षांनी माझ्या मातीला तो जुना कोन आठवला!

काकू प्यायली. मित्रांनो, ती कशी प्यायली ते मी कसं सांगू? तिनं माझी तोटी दातांत धरली. सोडेचना.

"हळू, वहिनी, हळू. ठसका लागेल. कुणी काढून नेत नाही."

"नेतात," काकू म्हणाली. "नेतात, वन्सं. झाड पितं माझं पाणी."

"बघ ना, आत्या," मुलगा मागून म्हणाला, "हेच चाललंय रोज. म्हणून तर..."

आत्या हसली नाही. हळहळलीही नाही. तिनं मला मेजावर ठेवलं आणि सरळ खिडकीशी गेली. कुंडीत बोट खुपसलं. बोट मुळापर्यंत चिखलात गेलं. कुंडीखालची बशी काठोकाठ भरली होती. तिनं ती तशीच उचलली आणि पाणी सांडत सांडत भाच्यासमोर आणून धरली.

"हे काय आहे?"

"पाणी."

"कुणाचं?"

त्यानं बशीकडे पाहिलं, मग कुंडीकडे.

"आपल्या घरात झाडाला उरलेलं पाणी जातं. उरलेलं म्हणजे किती? घोटभर. माझ्या आईच्या वेळेपासून बघतेय मी. इथं तर तळं साचलंय. झाडाला एवढं उरतं, तर तुझी आई पिते काय?"

त्यानं सवयीनं मान वळवली. "ताई, आई दिवसभरात किती पाणी..."

"तिला काय विचारतोस!" आत्याचा आवाज असा चढला की माझ्यातलं पाणी हललं. "तहान लागली ती बाई इथं पडलीये. तिला तोंड आहे. तिनं तुला बोलायला शिकवलं, गाढवा! तिला विचार."

तो आईजवळ गेला. पहिल्यांदाच वाकला. "आई, तुला पाणी मिळत नाही?"

काकूनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुरे होतं ते.

ताई भिंतीला टेकून रडायला लागली. "मॅडम फक्त चादर बघतात हो. ओली दिसली की कामावरून काढतात. काकूंना एकटीला वळवायला जमत नाही, पाठ जाते माझी. मी काय करू?"

"अगं, मग सांगायचंस!"

"कुणाला सांगू?" ती डोळे पुसत एकदम तडकली. "दादा दारातून विचारतात, सगळं ठीक ना. 'नाही' ऐकायला थांबतात कुठं?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला तिचा अधिकच राग आला. खरं इतकं टोकदार बोलता येत होतं, तर त्या वाळलेल्या ओठांना रोज "आत्ताच दिलं, विसरलात" असं का सांगितलं? भीती मला कळते. पाठ दुखते, हेही कळतं. पण स्वतःची नोकरी वाचवायला दुसऱ्याच्या डोक्यावर वेडाचा शिक्का मारायचा? मी तिला सोडणार नाही. आणि एकटीला धरणारही नाही. माझा राग भरपूर आहे, सगळ्यांना पुरेल.

मुलानं मॅडमना फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला: आमच्याकडे तुमच्या घराची एकही तक्रार नाही, चादर दर वेळी कोरडीच होती. आत्यानं फोन हिसकावून घेतला.

"चादर कोरडी ठेवायला तुम्ही माणूस कोरडा केलात! पुन्हा तपासायला याल, तेव्हा गादी नका चाचपू. माणसाच्या तोंडात बघा." आणि ठेवून दिला.

डॉक्टर आले. त्यांनी काकूची जीभ पाहिली, ती लाकडाच्या फळीसारखी झाली होती. "डोकं गेलेलं नाही," ते म्हणाले. "अंगात पाणीच उरलं नाही. तहानेनं माणूस असा भरकटतो. ताबडतोब दवाखान्यात न्या." काकू काही दिवस तिथं राहिली. बोलणं जागेवर आलं, दिवस-रात्र कळायला लागली. मूत्रपिंडांना बसलेला मार मात्र पुरता भरून येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे बघा, चादरीला डाग पडला नाही, आणि बाईला कायमचा पडला.

ती घरी परत आली त्या दिवशी मी मेजावर होतो, घासूनपुसून. मेज आता तिच्या अगदी हाताशी सरकवलं होतं. मुलगा पलंगाच्या कडेला बसला. चपला काढून.

"मी वेडी नव्हते," काकू म्हणाली.

"नाही, आई."

"मी सांगत होते."

"हो."

"ऐकायचं होतंस रे."

त्यानं मला उचललं. त्याचे हात पकडी-पान्यांना सरावलेले. त्यानं माझा कान असा आवळला की तडा कळवळला. हात मानेखाली घालायचा हे त्याला आत्यानं दाखवलं होतं, पण तोटी त्यानं ओठांच्या मधोमध लावली आणि मला फार कलता केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून चादरीवर. पांढऱ्याशुभ्र, कोरड्या चादरीवर मोठा ओला डाग पसरला. तो दचकला. मला मेजावर टेकवून, फडकं घेऊन घाईघाईनं चादर पुसायला लागला.

"चादर राहू दे," काकू म्हणाली. "माझी हनुवटी पूस."

दारात उभी असलेली आत्या पदर तोंडाला लावून वळली. झाड फेकून द्यावं का, असं मुलानं तिला आदल्या दिवशी विचारलं होतं. "त्याचा काय दोष? त्यानं काय मागितलं होतं?" असं ती म्हणाली होती. ते अजून खिडकीत आहे. त्याला आता पुन्हा घोटभरच मिळतं, आणि त्याची थोडी पानं पिवळी पडून गळली. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, इथं कहाणी गोड करून संपवता आली असती. पण माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असंही मला वाटत नाही. या घरी आता दुसरी सेविका येते. पाजते, थांबते, वळवताना आत्याला नाहीतर शेजारणीला हाक मारते. ठीक आहे. पण मॅडमचा हात अजून कुठल्यातरी दुसऱ्या घरात, कुणाच्यातरी अंगाखाली सरकून चादर चाचपत असेल. तिथंही मेजावर एखादा पेला असेल, काठोकाठ भरलेला, एक हात दूर. त्याला कान असेल, तोंड असेल, जीभ नसेल. त्याच्यासाठी मी बोलतो आहे.

तुमच्याही घरी कधी ना कधी कुणी अंथरुणाला खिळेल. आजी असेल, आजोबा असतील, पुढं आईबाबा असतील. त्यांना सांभाळायला कुणी येईल. तिचा मान ठेवा, तिची पाठ दुखते का ते विचारा, तिला एकटी पाडू नका. पण तेवढ्यावर थांबू नका. दारातून "सगळं ठीक ना?" विचारून पुढं जाऊ नका. आत या. वाका. जी पडली आहे तिला विचारा, आणि ती काय सांगते ते, कितीही वेडंवाकडं वाटलं, तरी शेवटपर्यंत ऐका. रिकाम्या पेल्यावर विश्वास ठेवू नका. कोरड्या चादरीवर तर मुळीच नाही.

ओठ बघा.